वाकळआत्तींनी ऐकलेली कादंबरी

जुनं कापड हातात आलं की वाकळआत्ती आधी ते नाकाशी न्यायच्या आणि मग आणणाऱ्याला विचारायच्या, "कुणाचं हे?" कापड किती जुनं, रंग जातो का, हे सगळं नंतर. आधी माणूस. "सासूबाईंचं लुगडं आहे," एवढ्या उत्तरावर भागायचं नाही. सासूबाई आहेत का गेल्या, हे लुगडं रोजचं होतं का ठेवणीतलं, त्यांना झोप लागायची का, हे सगळं विचारून झालं की मगच कात्री उचलायच्या. एकदा एका बंगल्यातल्या बाई दोन पिशव्या भरून कपडे घेऊन आल्या. इकडून तिकडून गोळा केलेले होते.

"कुणाचं हे?"

"अहो, कुणाकुणाचं आहे. मला तरी कुठं माहीत. पण स्वच्छ धुतलेत."

"धुतल्यालं दिसतंय की मला. पर कुणाच्या कुशीत झोपायचं ते तरी ठावं पायजे का नगं? न्हाई जमायचं बाई."

बाई पिशव्या घेऊन गेल्या. मला तेव्हा हा नुसता हेकटपणा वाटला होता. आलेलं काम कुणी असं परत लावतं का?

मी पलूस तालुक्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील पोल्ट्रीवर कामाला, आई द्राक्षबागेत विरळणीला जाते. कराडच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळाला आणि मी मलकापुरात आत्तींच्या घरी राहायला आले. त्यांचे मालक मिलिटरीत होते, ते वारलेले. मुलगा शिरवळला कंपनीत. पुढची खोली रिकामी होती, ती मला दिली. जुन्या लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना वाकळआत्ती म्हणायची. पहिल्या दिवसापासून मीही तेच म्हणू लागले.

वाकळेचे थर अंगणात अंथरून त्या एका कोपऱ्यापासून धावदोरा घालत आत आत सरकायच्या. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी भाकरीचा एक लहानसा तुकडा त्यात सारायच्या. मी हसले तर म्हणाल्या, "उपाशी वाकळ अंगाला लागत न्हाई. तुमच्या सायन्सात नसंल. आमच्यात हाय." आमच्या आजीकडेही असा घास घालत, हे मला नंतर आईकडून कळलं. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

आत्ती दुसरीपर्यंत शिकलेल्या. एसटीची पाटी वाचता यायची, पण त्यापुढे नाही. "म्होरलं अक्षर जुळवंस्तोर मागलं निसटून जातंय," असं म्हणायच्या. म्हणून मी कॉलेजातून आले की चहा हातात देऊन समोर बसवायच्या. "तुझं तोंड रिकामं हाय, माझं कान रिकामं हाईत. वाच." मग मी वर्तमानपत्र वाचायची, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, माझं वनस्पतिशास्त्राचं पुस्तकसुद्धा वाचायची. कान देऊन ऐकणारं असं माणूस मी आजवर वर्गातही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मराठीच्या सरांनी सांगलीतल्या एका स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं होतं. सरांनीच एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. म्हणाले, "सध्या सगळी मुलं हीच वाचतायत. तू विज्ञानाची आहेस, तुला जमेल." मला कॉलेजात चुकून आत सोडलंय, कुणाच्या तरी लक्षात आलं की बाहेर काढतील, असं तेव्हा सारखं वाटायचं. ही दहा मिनिटं नीट गेली तर ते वाटणं थांबेल, असं मी मनाशी धरलं होतं.

कादंबरीचं नाव मी इथे देत नाही. गोष्ट जगबुडीची होती. आकाशातून कसलीशी धूळ येते, सूर्य झाकतो, झाडं मरतात. धुळीतून एक बुरशी उगवते आणि ती माणसांच्या अंगात शिरते. शास्त्रज्ञ लोक डोंगरावर काचेचं शहर बांधून निवडक माणसांना आत घेतात, त्यांतच एक मुलगी असते. अर्धं शास्त्र, अर्धी जादू. मध्येच बर्फाखालून कुणी आदिम देव जागा होतो आणि मंत्राने यंत्रं चालवतो. मी ती तीन दिवसांत संपवली. खोटं कशाला सांगू, मला ती फार आवडली होती. एवढं जाड पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा पुरं वाचलं होतं. आवडण्यात निम्मा वाटा त्या अभिमानाचाच असावा.

स्पर्धेच्या सरावासाठी मी ती आत्तींना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. पहिला दिवस चांगला गेला. धुळीने ऊन अडलं आणि पानांतला हिरवा रंग कसा उतरत गेला, याचं लेखकाने फार बारीक वर्णन केलं होतं. आत्तींनी सुई थांबवली.

"हे खरं हाय का गं?"

"खरं आहे आत्ती. ऊन नाही तर हिरवा रंग तयार होत नाही."

"व्हय की. पोतं लय दिस पडून राह्यलं की खालचं गवात पांढरं फट्ट पडतंय. बगितलंय मी." त्या खूश झाल्या. "ह्या माणसाला म्हाईत हाय बरं का. वाच म्होरं."

पुढच्याच पानावर वाक्य होतं : तिसऱ्या दिवशी पायथ्याच्या खेड्यांत एक लाख माणसं मेली. मी ते वाचून पुढच्या ओळीवर गेले.

"थांब. कुणाची?"

"काय कुणाची?"

"लाख माणसं मेली म्हनालीस न्हवं. कुणाची माणसं?"

"अहो आत्ती, खेड्यातली. तसं काही दिलेलं नाही."

"एकाचं बी न्हाई?"

मी मागचंपुढचं पान चाळून पाहिलं. एकाचंही नव्हतं.

"बरं," असं म्हणून त्यांनी सुई चालवली, पण ओठ आवळून. नंतरच्या दोनतीन दिवसांत ते 'बरं'ही संपलं. बुरशी माणसांच्या तोंडातून, डोळ्यांतून कशी उगवते याची चार पानं होती. लेकराच्या तोंडातून उगवलेली बुरशी आई खाते, अशी एक जागा होती. मी एकटी वाचत होते तेव्हा तिथे अंगावर काटा आला होता आणि मला तो काटा आवडला होता. मोठ्याने वाचताना मात्र माझा आवाज चोरटा झाला. त्यापुढे काचेच्या शहराची यंत्रं चालवायला बाहेर मेलेल्यांची प्रेतं वितळवून तेल काढतात, असं होतं. आत्ती उठल्या, मोरीत जाऊन थुंकल्या आणि चूळ भरून आल्या.

"शी! कुणाच्या डोक्यातनं निघतंय गं हे? हे बसून लिव्हताना त्येला जेवाण गेलं असंल का?"

त्या दिवसापासून पुस्तक घरात घ्यायला बंदी आली. देवाच्या खोलीशेजारी तर नाहीच नाही. मी म्हटलं, बाहेर चपलांच्या फळीवर ठेवते. ते त्यांना चाललं नाही. "कसं बी असलं तरी पुस्तक हाय. चपलांत ठिवशील व्हय?" शेवटी नळाच्या मीटरवर पत्र्याची पेटी होती, तिच्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते ठेवायचं ठरलं. सरस्वतीचा मान राहिला आणि घरही बाटलं नाही.

मला वाटलं, आता वाचन बंद. पण दुसऱ्या दिवशी मी चहाची कपबशी खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी दाराकडे हात केला, "जा, आण ती घाण."

"राहू द्या की आत्ती. तुम्हाला त्रास होतो."

"हुतोय की. पर त्या पोरीचं म्होरं काय झालं ते कळल्याबिगर हात चालंना झालाय." मग सुईत दोरा ओवत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला माझीच शिसारी आलीया. घाण हाय ठावं हाय, तरी कान तिकडंच."

असं आमचं दहाबारा दिवस चाललं. शास्त्राच्या जागा आल्या की त्या मान डोलवायच्या. बर्फातल्या कोठारात बी शेकडो वर्षं कसं निजून राहतं, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. मेलेल्या माणसांचे ढीग आले की त्यांची तोंडभर किळस. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, काल्पनिक आहे, एवढं काय मनावर घेता. तर म्हणाल्या, "ज्याला येत न्हाई त्याला सोडून द्यावं. ह्येला येतंय. पानाचा रंग कसा उतरला ते ह्येनं वाकून बगितलंय. मग माणसाकडं वाकून बगाय काय झालं हुतं?"

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. स्पर्धेला उपयोगी पडेल म्हणून.

पुढे शहराचं दार बंद होण्याचं प्रकरण आलं. माझं सगळ्यात आवडतं. बाहेर आक्रोश, आत निळा उजेड, काच हळूहळू सरकतेय. मी रंगून वाचत होते. संपलं तेव्हा आत्तींनी विचारलं, "दार लागलं तवा तू आत हुतीस का भायेर?"

"मी?"

"वाचताना गं. कुठं उभी हुतीस?"

मी आत होते. विचार न करताच मी आत जाऊन उभी राहिले होते. आमचं गाव पायथ्याच्या त्या खेड्यांपैकीच एक असणार, माझी आई त्या एका लाखात कुठेतरी असणार, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. आत्तींनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्या रात्री मी आधी लिहिलेलं भाषण काढून पाहिलं. 'थरारक', 'कल्पनेची भरारी', 'खिळवून ठेवणारी' असे शब्द होते, निम्मे मलपृष्ठावरून उचललेले. कादंबरीची आली नव्हती एवढी किळस मला त्या भाषणाची आली.

शेवटच्या प्रकरणात काचेला आतूनच तडा जातो, सगळे मरतात आणि ती मुलगी तेवढी मुठीत एक बी घेऊन बाहेर पडते. आत्तींनी सुई वाकळेत खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "बी चांगलं हाय. पर एवढ्या माणसांचा चिखल करून एकच बी काढायचं म्हंजे... जा, हात धुऊन ये. जेवाय वाढते."

मी नवं भाषण लिहिलं. ते जवळजवळ सगळं आत्तींचंच होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "मी बी येऊ का सांगलीला? मागं बसंन."

मी म्हटलं, "बाहेरच्यांना सोडत नाहीत आत्ती."

मी कुणाला विचारलंही नव्हतं. सभागृहात गेल्यावर दिसलं, पाचसहा जणांचे आईवडील मागच्या रांगेत डबे मांडीवर घेऊन बसले होते.

मी उभी राहिले. मग मी म्हटलं, "या कादंबरीत तिसऱ्या दिवशी एक लाख माणसं मरतात. वाचताना माझ्या मनात प्रश्न आला, कुणाची?" पानाच्या रंगाकडे वाकून पाहिलं, माणसाकडे का नाही, हेही मी म्हटलं, जरा शुद्ध करून. दार बंद होताना तुम्ही आत होतात की बाहेर, हेही समोरच्यांना विचारलं. टाळ्या पडल्या. तशा टाळ्या माझ्यासाठी कधीच पडल्या नव्हत्या.

परीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हा 'कुणाची?' फार मोलाचा प्रश्न आहे. तुला कसा सुचला?"

मी सांगू शकले असते. आत्ती तोंडापर्यंत आल्याही होत्या. पण पहिल्या रांगेत इंग्रजी माध्यमाची, नीट इस्त्री केलेल्या कपड्यांतली मुलं बसली होती. वाकळा शिवणारी माझी घरमालकीण म्हटलं तर ती हसतील, आणि मग पुढचं सगळं हसण्यावारीच जाईल, असं वाटलं.

"वाचताना सुचला, मॅडम," मी म्हटलं.

मला दुसरा क्रमांक मिळाला. परतीच्या एसटीत प्रशस्तिपत्र मांडीवर होतं आणि मला आत्तींचं ते मोरीत जाऊन थुंकणं आठवत होतं. आता तशी थुंकून टाकावी अशी वस्तू मीच होते.

आत्ती दारात वाट बघत होत्या. त्यांनी ओला हात पुसून मग प्रशस्तिपत्रावरून बोट फिरवलं.

"मी म्हनल्यालं सांगितलंस का गं त्यास्नी?"

"सांगितलं."

"माझं म्हणून सांगितलंस?"

"हो."

"नाव घेतलंस? खरं नाव?"

एकदा खोटं बोललं की पुढचं घरंगळतच येतं. "घेतलं की."

"रेशनकारडावर बगितलं असशील," असं त्या पुटपुटल्या. मग फार हळू विचारलं, "हसली का कुणी?"

"नाही आत्ती. कुणीच नाही हसलं."

"खरं?"

"खरं."

त्यांनी पदराने डोळे टिपले. नाव ऐकून कुणी कशाला हसेल, हे मला त्या वेळी कळलं नाही. विचारायची सोयही उरली नव्हती.

दोन महिन्यांनी मुलगा येऊन त्यांना शिरवळला घेऊन गेला. सून दिवसभर कामाला जायची, घरात कुणीतरी हवं होतं. जाताना त्यांनी सुयांचा डबा तेवढा बरोबर घेतला. मी कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेले. जिथे कापडाच्या चिंध्या नाहीत आणि कुणी "वाच म्होरं" म्हणत नाही, अशी ती खोली मला बरेच दिवस खायला उठायची. पुस्तकं मी वाचतच होते. पण वाचताना कुठेही ढीगभर माणसं मेली की माझं बोट त्या ओळीवर थांबायचं. अजून थांबतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी सांगितलं की ते भाषण कॉलेजच्या अंकात छापायचंय, लिहून दे. मी लिहिलं. शेवटी एक ओळ घालायचं ठरवलं की यातले प्रश्न माझे नाहीत, ते अमुक यांचे आहेत. 'अमुक'च्या जागी येऊन पेन थांबलं. दीड वर्ष मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्या हातचं जेवले, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. लेखकाने लाखभर माणसं बिननावाची मारली म्हणून सभागृहात टाळ्या घेणारी मी.

वसतिगृहाच्या मेसबाहेर उभी राहून मी त्यांच्या मुलाच्या नंबरवर फोन लावला. त्याने आत्तींना दिला.

"कशी हायस पोरी? जेवतीस का नीट?"

"आत्ती, तुमचं नाव काय आहे?"

त्या हसल्या. "इसारलीस व्हय एवढ्यात?"

"विसरले नाही. मला माहीतच नव्हतं."

पलीकडे हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

"मग सांगलीत कुणाचं नाव घेतलंस?"

मी सगळं सांगितलं. बाहेरच्यांना सोडत नाहीत हे सुद्धा खोटं होतं, तेही सांगितलं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "शी."

मग म्हणाल्या, "मी हितं शेजारणीस्नी सांगून बसले की गं. सांगलीला माझं नाव घेतलं आन् कोन हसलं न्हाई म्हणून."

मला रडू आवरेना.

"रडू नगंस. त्येनं काय हुतंय? कागद हाय का? लिव्ह."

"सांगा."

"नकुसा."

माझं पेन जागेवर राहिलं. आमच्या भागात हे नाव कुणाला माहीत नाही? एकीवर एक मुली झाल्या, आता नको, म्हणून ठेवलेलं नाव. शाळेत आमच्या वर्गातही एक होती. आम्ही तिला हसायचो. मी हसायची.

"आत्ती, वाकळआत्ती लिहू का? सगळे तेच म्हणतात."

"न्हाई. चौथी पोरगी मी. बाप बारशाला बी बसला न्हाई. जलमभर ते नाव मी तोंडातनं काढलं न्हाई. तू घेतलंस म्हनालीस तवा वाटलं, सुटले एकदाची. आता लिव्ह. नकुसा ज्ञानू. बापाचं लावायचं, ठिवलंय त्येनंच. आडनाव नगं. माहेरचं लावलं की सासरचं रुसतंय."

मी लिहिलं.

"वाचून दाखव."

मी वाचलं.

"असं कुजबुजून काय वाचतीस? सांगलीत अशी बोललीस व्हय? मोठ्यानं वाच."

मेसच्या रांगेत वीसपंचवीस मुली ताटं घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने वाचलं, "नकुसा ज्ञानू."

बऱ्याच जणींनी वळून पाहिलं.

"हसली का कुणी?" फोनमधून आवाज आला.

"व्हय आत्ती. एक पोरगी हसली."

"हसू दे," त्या म्हणाल्या. "तू परत वाच."